चौदा जणींचा एक आवाज

मंगळवार, ४ मार्च

चिमे,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच ठेवून देशील, अशी धास्ती होती. म्हणून पत्ता टाइप करून घेतला. आता फोडलंच आहेस, तर थोडं वाच.

घरी सगळं ठीक आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, एवढंच. ती तुझी आठवण काढते आणि मग माझ्याकडे बघून गप्प बसते.

दोन वर्षांपूर्वी तू हॉटेलातल्या बायकांचा माझा इंग्रजीचा वर्ग बघायला आलीस आणि जाताना एक निळी वही माझ्या टेबलावर टाकून गेलीस. ती मी परवा उघडली. वर तुझ्या अक्षरात लिहिलंय, ‘दुसरी भाषा शिकवताना : कळीच्या गोष्टी’. पाच पानं वाचून झाली. सहावं अजून वाचलेलं नाही.

काही शंका आहेत. पान दोनवर तू मौनाच्या काळाबद्दल लिहिलं आहेस. नवी भाषा शिकणारा माणूस कित्येक महिने नुसता ऐकतो, बोलत नाही, आणि त्याला बोलतं करायची घाई करू नये. पटलं. पण चिमे, एखादी आत काही साठवतेय म्हणून गप्प आहे, की आत काही शिरतच नाही म्हणून गप्प आहे, हे शिक्षकाने ओळखायचं कसं?

पान तीनवर लिहिलंस, ‘समजलं का, असं वर्गाला विचारू नये. उत्तर नेहमी हो असतं. करून दाखवायला सांगावं.’ पान चारवर, प्रश्न विचारला की मनात सातपर्यंत मोजावं, मध्ये तोंड उघडू नये. पान पाचवर, भीती बसली की कानाचं दार लागतं, मग कितीही शिकवा, बाहेरच राहतं.

मला एवढंच विचारायचंय. एखाद्या मास्तराने सगळ्यांना कायम एका सुरात बोलायला लावलं आणि त्यातल्या एकीचा आवाज त्याने कधी एकटा ऐकलाच नाही, तर तुम्हा शिकलेल्या लोकांत चूक कोणाची धरतात? सहज विचारतोय.

आमच्या हॉटेलात गेल्या आठवड्यात एक छोटा अपघात झाला. तुझ्या कानावर आलं तर काळजी करू नकोस. माझा तसा काही संबंध नाही.

तुझा
दादा

शनिवार, ८ मार्च

चिमे,

उत्तर इतक्या लवकर येणार नाही हे कळतं. तरी लिहितोय, कारण घरात बोलायला जीभ वळत नाही आणि हात मात्र थांबत नाही.

अपघाताचं नीट सांगतो. तुला मावशी आठवत असेल. चौथ्या मजल्यावरच्या खोल्या साफ करते, पुढचे दोन दात नाहीत, तुला पाहून म्हणाली होती, “बहीण वाटत नाही हो मास्तरांची, ही तर हसते!” तीच. सत्तावीस तारखेला, गुरुवारी, ती एका खोलीच्या बाथरूममध्ये पडलेली सापडली. तिने बादलीत दोन बाटल्या एकत्र ओतल्या होत्या, पांढरी आणि निळी. दोन्ही सफाईचीच औषधं, पण ती मिसळली की विषारी वायू सुटतो. दार आतून लोटलेलं, खिडकी नाहीच. ट्रॉली बराच वेळ जागची हलली नाही म्हणून शेजारच्या खोलीतल्या बाईने आत डोकावलं. मावशी हॉस्पिटलात आहे. नाकाला नळी आहे. जिवंत आहे.

औषधं नवीन होती. चोवीस तारखेला ती विकणाऱ्या कंपनीचे एक साहेब परदेशातून शिकवायला आले होते. तळमजल्यावरच्या आमच्याच खोलीत, धुलाईखान्याच्या मागे. ती खोली तू पाहिलीस. एका भिंतीपलीकडे कपडे सुकवायची यंत्रं, त्यामुळे ती भिंत कायम तापलेली, आणि ज्या टेबलावर चादरींच्या घड्या घालतात त्याच टेबलावर आमच्या वह्या. साहेब सगळं इंग्रजीतून बोलले, वीस मिनिटं. शेवटी बायकांनी आमच्या वर्गात शिकवलं तसं एका सुरात उत्तर दिलं, “येस सर. अंडरस्टूड.” चौदा जणी. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

आता मॅनेजर साहेब म्हणतात की मावशीला सांगितलं होतं, तिला समजलं होतं, तरीही तिने केलं. म्हणजे चूक तिची. त्यांच्याकडे दोन कागद आहेत. एक, त्या दिवसाची हजेरी, चौदा सह्या आणि अंगठे. दुसरा, मागच्या वर्षी वर्गाचं पहिलं वर्ष संपल्यावर प्रत्येकीला दिलेला दाखला : ‘सदर कर्मचारी इंग्रजीतील सूचना समजू शकते.’ खाली सही माझी.

हे मी आधीच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

मी त्या दिवशी पूर्ण वेळ खोलीत नव्हतो. मध्येच वर जावं लागलं होतं.

काल मॅनेजर साहेब माझ्या टेबलाशी आले. मी पावलं ओळखतो, त्यांच्या उजव्या बुटाचा तळ करकरतो. म्हणाले, “मास्तर, वीस तारखेला चौकशी आहे. तुम्ही दुभाषे म्हणून बसा. तुमचा दाखला म्हणजे आपला आधार आहे.” खांद्यावर हात ठेवला. तो हात निघून गेल्यावरही खांदा जड राहिला.

आता कुठेही बूट करकरला की मी रजिस्टर उघडतो. सकाळी हात जोडून बसतो तेव्हाही कान दाराकडेच असतात.

दादा

गुरुवार, १३ मार्च

चिमे,

आज हॉस्पिटलात जाऊन आलो. पाय निघत नव्हता. दाराशी मावशीची सून भेटली, म्हणाली, “या मास्तर. सकाळपासून तुमचीच वाट बघतायत. मला म्हणे, मास्तर आले की केस नीट कर माझे.”

मावशीचा आवाज गेलाय. पूर्ण नाही, पण सुकलेल्या पानांवरून कोणी चालावं तसा येतो. मला बघून नळीखालून हसली.

“मास्तर, वर्ग चालू आहे ना?”

“बंद ठेवलाय थोडे दिवस.”

“माझ्यामुळे? अगं बाई! बाकीच्या खूश असतील.”

मी मान खाली घातली. तिने सुनेला पाणी आणायला पाठवलं. सून गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, “काळजी करू नका. मी नाव घेणार नाही.”

मी विचारलं, “कोणाचं?”

ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “चौकशीत जे विचारतील त्याला येस सर म्हणायचं. तेच ना? मला चांगलं येतं ते. घरी नातीला म्हणून दाखवते रोज.”

चिमे, मी तिथून उठलो आणि जिन्यात बसलो. येणारे-जाणारे बाजूने जात होते. एकाने विचारलं, तुमचं कोणी गेलं का? मी नाही म्हणालो.

तिला काय वाचून दाखवणार आहेत ठाऊक आहे? मला कागद आधी दिलाय, मी तयारी करावी म्हणून. त्यात तिच्या तोंडी लिहिलंय की मला धोका सांगितला होता, मला तो समजला होता, तरी मी निष्काळजीपणा केला, माझ्यामुळे हॉटेलातल्या पाहुण्यांच्या जिवाला धोका झाला. ती त्याला येस सर म्हणणार. त्यानंतर तिला कुठे झाडू मारायलाही कोणी ठेवणार नाही. शिवाय तो कागद पुढे पोलिसांकडे जाईल. आणि ती हे सगळं हसत म्हणेल, मी शिकवल्याप्रमाणे, मान थोडी झुकवून.

ते वाक्य आम्ही वर्गात सगळ्यात आधी शिकवतो. मॅनेजर साहेबांनीच सांगितलं होतं, पाहुण्याला नाही ऐकायला आवडत नाही. दोन वर्षं रोज वर्ग सुटताना मी विचारायचो, समजलं का? आणि त्या चौदा जणी म्हणायच्या. एवढा गोड आवाज यायचा. मला वाटायचं, हे माझं काम. प्रार्थनेसारखं वाटायचं ते.

तुझं उत्तर आलं नाही. नको असेल तर नको. पण वाचतेस ना?

दादा

रविवार, १६ मार्च

चिमे,

आधीच्या तीन पत्रांत मी तुझ्याशी खोटं बोललो आहे. आज सकाळी देवासमोर बसलो आणि लक्षात आलं की त्याच्याशीही तेच करतोय, हात जोडून ‘येस सर’.

पहिलं. सहावं पान मी वाचलं नाही म्हणालो. वही उघडल्यावर मी सहावं पानच आधी वाचलं, कारण त्यावर माझं नाव दिसलं. तू लिहिलंस, ‘शिक्षकाची भीती. दादाच्या वर्गात भिंतीवरचा फोन वाजला. वरच्या पाहुण्याचा. इंग्रजीतून. दादा खाली बघत सात वेळा येस म्हणाला. फोन ठेवल्यावर जागचा हलला नाही. वर्ग पुढे चालू.’

तू त्या दिवशी वर्गानंतर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतंस, “दादा, तुला समजत नाही तेव्हा तू काय करतोस?” एवढंच. आणि मी त्या चौदा जणींच्या देखत ओरडलो, की तुला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला मी शिकवलं, आता चार पुस्तकं वाचून मला शिकवायला आलीस? वही ठेवलीस आणि गेलीस. तुझी चप्पल दारात उलटी झाली होती, ती तू सरळही केली नाहीस. तशीच पायात अडकवलीस.

तर उत्तर आज देतो. मला समजत नाही तेव्हा मी खाली बघतो.

तुला आपली शाळा आठवते. पत्र्याची खोली, चार वर्ग एकत्र. गुरुजी वाक्य म्हणायचे आणि आम्ही साठ जण ओरडायचो. मी पहिली दोन वर्षं नुसते ओठ हलवले. कोणाला कळलं नाही. मग पुस्तकातून इंग्रजी शिकलो, शब्दकोश घेऊन, एकट्याने. वाचतो मी चांगलं. अर्ज लिहितो. म्हणूनच हजेरीच्या टेबलावरून उचलून मला मास्तर केलं. पण त्या भाषेचा माणूस समोर उभा राहून भरभर बोलायला लागला की माझ्या कानांत नुसता आवाज येतो. बावीस वर्षं मी हे लपवलं. पाहुण्यांशी बोलायची वेळ आली की मी कुठे ना कुठे कामात असतो.

दुसरं. चोवीस तारखेला मी वर गेलो नव्हतो. पूर्ण वीस मिनिटं खोलीत होतो, दाराजवळ. साहेब बोलत होते आणि मी रजिस्टरात मान घालून लिहायचं सोंग करत होतो, कारण मला भीती होती की ते मध्येच मला विचारतील, मास्तर, हे जरा तुमच्या भाषेत सांगा. विचारलंच त्यांनी. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले आणि हात पुढे केला. मी उभा राहिलो. मान वर केली तेव्हा टेबलावर दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक पांढरी, एक निळी. मी बायकांना सांगितलं, “नवीन औषधं आहेत. जपून वापरा.” एवढं कुठेही चालतं. मग विचारलं, “समजलं का?”

तिसरं. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच. सगळ्या गेल्यावर पॅसेजमध्ये मावशी थांबली. म्हणाली, “मास्तर, दोन बाटल्या कशाला हो? एकीनं होत नाही का?”

मला माहीत नव्हतं. ‘थांबा, विचारून सांगतो’ म्हणता आलं असतं. साहेब अजून आत बॅग भरत होते, दहा पावलांवर. पण आत जाऊन विचारायचं म्हणजे त्यांच्यासमोर तोंड उघडायचं, आणि ते जे सांगतील तेही मला कळलं नसतं.

मी म्हणालो, “दोन्ही वापरायच्या. जास्त स्वच्छ निघतं.”

ती म्हणाली, “एकत्रच?”

मी म्हणालो, “हो. एकत्र.”

तिसऱ्या दिवशी तिने माझं ऐकलं.

हे फक्त तिला माहीत आहे, मला, आणि आता तुला. ती नाव घेणार नाही म्हणाली. मी बोललो नाही तर कोणालाच कळणार नाही. हे मी पुन्हा पुन्हा मनाशी घोळवतो, आणि सुटल्यासारखं वाटतं, आणि मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच भीती वाटते. बोललो तर नोकरी जाईल, हे नक्की. पुढे पोलीस, कोर्ट. तुझ्या वहिनीला काय सांगू? या वयात मला कोण काय काम देईल?

चिमे, तू ये. गुरुवारी, अकरा वाजता. तुला त्या साहेबांसारखं बोलता येतं. तू चौकशी करणाऱ्यांना समजाव की अशा वर्गांत असं होतं, तुझ्या वहीत ज्या भाषेत लिहिलंय त्या भाषेत सांग. तू बोललीस तर ऐकतील. मी बाजूला बसेन.

तुझा दादा

बुधवार, १९ मार्च

चिमे,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. दोन वर्षांनी दोन ओळी. ‘दादा, मी आले तर तू माझ्या आवाजामागे लपशील. उद्या तू एकट्याने बोल. मी इथे अकरा वाजता बसून राहीन.’

आधी राग आला. मग पुन्हा वाचलं. मग तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. ती गुडघ्याला तेल लावत होती. हात थांबला. मी आपोआप मोजत होतो, चिमे, सातच्या पुढे गेलो, चाळीसपर्यंत. मग म्हणाली, “आणि ती बाई तुम्हाला अजून मास्तरच म्हणते?”

मी हो म्हणालो.

ती उठून आत गेली. आतून म्हणाली, “उद्याचा शर्ट पांढरा घाला. घामाचे डाग दिसत नाहीत त्यावर.”

मी काय करेन ते मला अजून माहीत नाही. हे खरं लिहितोय. आत्ता, या क्षणी, मला वाटतं मी उद्या खाली बघेन.

दादा

शुक्रवार, २१ मार्च

चिमे,

काल काय झालं ते क्रमाने सांगतो, म्हणजे मलाही ते नीट लागेल.

वरच्या सभेच्या खोलीत चौकशी होती. चौकशी करणाऱ्या बाई बाहेरून आल्या होत्या, वयाने तुझ्याएवढ्या, चष्मा डोक्यावर. शेजारी मॅनेजर साहेब. टेबलावर दोन रिकाम्या बाटल्या, पुरावा म्हणून. हॉस्पिटलातून थोड्या वेळापुरतं आणलेल्या मावशीला सुनेने खुर्चीत बसवलं. ती त्या खोलीत रोज धूळ पुसायला जायची, खुर्चीत काल पहिल्यांदा बसली. हाताने खुर्चीचा दांडा पुसला आणि मग हात मांडीवर ठेवला.

बाईंनी तो कागद इंग्रजीत वाचला. नियम तसा आहे म्हणाल्या, आधी मूळ भाषेत, मग दुभाष्याने सांगायचं. वाचून झाल्यावर त्यांनी मावशीकडे बघून इंग्रजीतच विचारलं, समजलं का?

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, “येस सर. अंडरस्टूड.”

दोन वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा तिच्या एकटीच्या आवाजात ऐकलं. फाटलेला आवाज, पण उच्चार इतका स्वच्छ, चिमे! मान थोडी झुकवलेली, मी सांगितलं तशी. बाईंना सर म्हणाली.

बाई हसल्या, आपल्या भाषेत म्हणाल्या, “अरे वा, दुभाषा लागतच नाही की.”

मॅनेजर साहेब म्हणाले, “आमच्या मास्तरांचा वर्ग.” आणि माझ्याकडे कौतुकाने बघितलं.

बाई लिहायला लागल्या. मी खाली बघितलं. माझ्या पांढऱ्या शर्टाचं खालचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं आहे, ते बघत होतो. आणि मोजत होतो. का कोण जाणे. एक, दोन, तीन. चारला बाईंनी पान उलटलं. पाचला मावशीला खोकला आला. सहाला मला वाटलं, ती खोकतेय तोवर वेळ आहे. सातला खोकला थांबला.

मी म्हणालो, “बाई, तिला समजलेलं नाही.”

मॅनेजर साहेब म्हणाले, “मास्तर, ती स्वतः म्हणाली आत्ता.”

“ते मीच शिकवलंय, साहेब. तेवढंच शिकवलंय.” मग बाईंना म्हणालो, “तिला समजलं का असं विचारू नका. काहीतरी करायला सांगा. इंग्रजीत. सोपं.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग इंग्रजीत मावशीला म्हणाल्या, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं, की ती निळी बाटली उचला आणि मॅनेजर साहेबांच्या हातात द्या.

मावशी हसली. मान झुकवली. “येस सर. अंडरस्टूड.”

आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

ती एकदा बाईंकडे, एकदा माझ्याकडे बघत होती, बरोबर म्हणाले ना, असं. बाटली तिच्यापासून वीतभर अंतरावर होती. सुनेने तोंडावर पदर घेतला. तो भिंतीवरचा फोन ठेवून जागच्या जागी उभा राहिलेला माणूस मी बाहेरून बघत होतो.

मॅनेजर साहेबांचा आवाज बदलला. “मग दाखल्यावर सही कशी केलीत? आणि त्या दिवशी तुम्हीच तर यांच्या भाषेत समजावून दिलंत. हजेरीखाली सही आहे तुमची.”

“हो,” मी म्हणालो. “पण मलाही समजलं नव्हतं.”

हे वाक्य तोंडातून गेल्यावर पुढचं थांबवता आलं नाही. पॅसेजमध्ये तिने काय विचारलं, मी काय सांगितलं, कंपनीचे साहेब दहा पावलांवर होते हेही.

मध्येच मावशी ओरडली. ओरडायला आवाज नाही, तरी ओरडली. “मास्तर, गप्प बसा हो! बाई, त्यांचं नका ऐकू. घाबरट माणूस आहे, काहीही बोलतो!” मग तिला श्वास पुरेना. सुनेने पाठ चोळली. श्वास आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, “एवढं पाठ केलं मी. आयत्या वेळी असं करतात का कोणी?”

बाईंनी तो आधीचा कागद बाजूला ठेवला, फाडला नाही. नवीन घेतला. मावशीचा जबाब तिच्या भाषेत पुन्हा घेतला, माझ्या जागी दुभाषी म्हणून दुसऱ्या विभागातली मुलगी बोलावली. मला बाहेर बसवलं. भिंतीवरचं घड्याळ बघितलं, बारा वाजून गेले होते. तू बसली असशील का अजून, हे मनात आलं.

दादा

रविवार, ३० मार्च

चिमे,

मला कामावरून दूर ठेवलंय. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, अशी नोटीस आली आहे. पोलीस विचारायला येतील असं बाई म्हणाल्या, शांतपणे, जसा डॉक्टर सांगतो. मावशीच्या नावावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला नाही. बाटल्यांवर आता चित्रं लावणार आहेत, आणि त्या कंपनीलाही जाब विचारलाय की चौदा जणींना न कळणाऱ्या भाषेत शिकवून टाळ्या कशाच्या वाजवल्या. पण माझ्या भागाचं जे आहे ते माझंच आहे. जिन्यात कोणाची पावलं वाजली की अजून कान तिकडे लागतात. भीती गेली असं लिहिलं तर ते पुन्हा खोटं होईल. सकाळी देवासमोर हात जोडून बसतो तेव्हा त्याला फार काही म्हणत नाही. तुला सगळं माहीत आहे, मला पुढचं काही कळत नाही, एवढंच म्हणतो.

काल दुपारी मावशीकडे गेलो. पाच दिवस झाले तिला घरी येऊन. एकच खोली, खिडकीशी पलंग, हवेसाठी. दार सुनेने उघडलं, पण ती बाजूला झाली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली. आतून मावशी म्हणाली, “येऊ दे गं. आता त्यांना कुठे कामं आहेत?”

मी खाली बसलो. माफी मागायची म्हणून गेलो होतो, वाक्य जुळवून नेलं होतं. तिने मागूच दिली नाही. म्हणाली, “ते राहू द्या. रागावलेय मी, अजून रागावणार आहे, जिना चढता येत नाही मला. पण आधी एक सांगा. ‘मला कळलं नाही’ याला त्या भाषेत काय म्हणतात?”

चिमे, दोन वर्षांत हे वाक्य मी फळ्यावर कधी लिहिलं नव्हतं. एकदाही नाही. नमस्कार, टॉवेल, उशी, लगेच आणते, माफ करा, सगळं लिहिलं. हे नाही.

मी सवयीने तोंड उघडलं, “माझ्या मागून म्हणा...”

“मागून नाही,” ती म्हणाली. “मागून म्हणताना मी कधीच म्हणत नव्हते. नुसते ओठ हलवायचे, पाठ केलं ते घरी. तुम्हाला कळलं नाही ना?”

“नाही.”

“मग आधी तुम्ही म्हणा. एकटे. आणि जमिनीकडे बघून नको, माझ्याकडे बघून.”

मी मान वर केली. तिचे डोळे अजून लाल आहेत त्या वायूने. मी ते वाक्य इंग्रजीत म्हणालो. आवाज माझाच वाटला नाही, बारीक आला. तिने आणखी एकदा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा. सून दारातून बघत होती.

मग तिची पाळी होती. ती खिडकीबाहेर बघत बसली. मी सातपर्यंत मोजलं, मग मोजायचं सोडून दिलं. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होऊन निघूनही गेली. मावशीचे ओठ हलले नाहीत. शेवटी म्हणाली, “आज नाही. उद्या या.”

म्हणून आज पुन्हा चाललोय. निळी वही बरोबर घेतली आहे. सहाव्या पानाच्या मागची बाजू कोरी आहे, तिथे कालची तारीख घातली आणि खाली लिहिलं, ‘मावशी आज बोलली नाही. मी समजलं का, असं विचारलं नाही.’ पुढचं तू कधी आलीस तर तुझ्या हाताने लिही. चप्पल दारात नीट ठेवायला जागा केली आहे.

तुझा
दादा